क्षयाचे बीज आणि देहाची भूमी

लग्नाची बोलणी चालू असताना शिक्षण, नोकरी, मानपान यांची चौकशी उघडपणे होते. एक चौकशी मात्र दबक्या आवाजात होते. ‘त्या घराण्यात कुणाला क्षय झाला होता का?’ एखाद्या चुलत्याचे किंवा आजीचे नाव निघाले, की जुळत आलेले स्थळ मोडते. बेळगाव असो, बडोदे असो, ग्वाल्हेर असो की गोवा असो. ही धास्ती सगळीकडे सारखीच. तिचा परिणाम असा, की माणसे दुखणे लपवितात. महिना महिना खोकला अंगावर काढतात आणि ‘पोरीचे लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग पाहू’ असे म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. तेवढ्या अवधीत दुखणे बळावते आणि घरातल्या लेकरांनाही ते लागते. म्हणून ‘क्षय रक्तातून येतो काय?’ हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. त्याचे उत्तर चुकले, तर त्या चुकीची किंमत माणसांना जिवानिशी मोजावी लागते.

हे उत्तर आजवर दोन वेळा चुकले आहे. पूर्वी युरोपातील अनेक नामांकित वैद्य क्षयाला कुळाचा रोग मानीत. बाप गेला, त्याच दुखण्याने थोरला मुलगा गेला, मग धाकटी बहीण गेली. हे डोळ्यांना दिसत असताना दुसरे काय मानावे? पुढे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. तेव्हापासून पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. जंतू हेच सर्वस्व ठरले आणि कुळाचा विचार भाबडा ठरला.

जंतूवाचून क्षय नाही, हे निर्विवाद सत्य आहे. परंतु जंतू शरीरात शिरला म्हणजे क्षय झालाच, हे मात्र सत्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे एकचतुर्थांश माणसांना केव्हा ना केव्हा ह्या जंतूची लागण झालेली आहे; पण लागण झालेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. उरलेल्या नव्वदांच्या शरीरात जंतू एकतर मरतो, नाहीतर कोंडलेल्या अवस्थेत निपचित पडून राहतो. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसे क्षयाने आजारी पडली आणि त्यांपैकी चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक एकट्या भारतात होती. हा आकडा भयंकर आहे. तरीही लागण झालेल्यांच्या मानाने तो लहान आहे. बीज एकच असता ते एका भूमीत रुजते आणि दुसरीत रुजत नाही, असे का व्हावे?

ह्या प्रश्नाची एक दुःखद परीक्षा जर्मनीतील ल्युबेक शहरात घडून आली. १९२९ च्या अखेरीपासून १९३० च्या वसंतापर्यंत तेथील २५१ नवजात बालकांना बी.सी.जी. लस तोंडावाटे देण्यात आली. प्रयोगशाळेतील हलगर्जीमुळे त्या लशीत क्षयाचे खरे, मारक जंतू मिसळले गेले होते. ७२ बालके क्षयाने दगावली. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. तरीही उरलेल्यांपैकी बहुतेक बालके शरीरावर लागणीच्या खुणा दिसत असताना तगली आणि बरी झाली. देहादेहात उपजतच फरक असतो, असा निष्कर्ष ह्यावरून पुष्कळ काळ काढला जात असे. मात्र २०१६ साली जुन्या नोंदी पुन्हा तपासण्यात आल्या, तेव्हा लशीच्या साऱ्या कुप्या सारख्या दूषित नव्हत्या, आणि ज्यांच्या पोटात अधिक जंतू गेले त्यांच्यावर अधिक संकट ओढवले, असे दिसून आले. म्हणजे बीज किती पडले, हेही मोजावे लागते. एवढ्याच घटनेवरून भूमीचा गुण सिद्ध होत नाही.

भूमीचा गुण सिद्ध झाला तो अन्य मार्गांनी. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मॅक्स ल्यूरी ह्या शास्त्रज्ञाने सशांची कुळे पिढ्यानपिढ्या वेगवेगळी वाढविली. साऱ्यांना सारखेच जंतू हुंगविले असता काही कुळांतील ससे लवकर मरत, तर काही कुळांतील ससे रोगाला बराच काळ थोपवून धरीत. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. पण निसर्गाने जुळी भावंडे देऊन तशी सोय केली आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा आनुवंशिक ठेवा अगदी सारखा असतो. दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांचे साम्य इतर सख्ख्या भावंडांइतकेच. ब्रिटनमधील जुळ्यांच्या एका मोठ्या पाहणीचा १९७८ साली पुन्हा हिशेब मांडण्यात आला. जुळ्यांपैकी एकाला क्षय असता दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत द्विबीज जुळ्यांच्या सुमारे दुप्पट भरले. तथापि एकबीज जुळी भावंडे एकत्र राहण्या-निजण्यातही अधिक जवळची असतात, हे येथे विसरता कामा नये. पुढे काही अभ्यासकांनी हा आक्षेप घेतलाही.

आता देहाच्या भूमीत नेमका फरक कोठे पडतो, ते पाहू. रुग्ण खोकला की सूक्ष्म तुषारांबरोबर जंतू हवेत येतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात खोलवर पोहोचतात. तेथे पहाऱ्यावर असलेल्या भक्षकपेशी त्यांना गिळतात. सामान्य जंतू एवढ्यानेच मरतो. क्षयाच्या जंतूला मात्र मेणासारखे चिवट कवच असते; गिळला गेल्यावरही तो भक्षकपेशीच्या पोटात जिवंत राहू शकतो. मग ती पेशी इंटरल्यूकिन-१२ नावाचे एक द्रव्य बाहेर सोडते. ही जणू मदतीची हाक. ती ऐकून लसिकापेशी धावून येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचे दुसरे द्रव्य सोडतात. ही जणू आज्ञा. भक्षकपेशीच्या पृष्ठभागावर ही आज्ञा ग्रहण करणारे विशिष्ट रेणू असतात. त्यांच्यामार्फत आज्ञा आत पोहोचली, की भक्षकपेशीला बळ चढते आणि ती पोटातल्या जंतूला मारते, नाहीतर पेशींच्या गाठीत त्याला कोंडून ठेवते.

हाक, आज्ञा, ग्रहण ही सारी कामे ज्या द्रव्यांकडून होतात, त्यांच्या घडणीचा पाठ जनुकांत लिहिलेला असतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती माणसाजवळ असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून आलेली. मनुष्याचा हा संपूर्ण ग्रंथ सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे, आणि कोणत्याही दोन माणसांच्या ग्रंथांत हजारी साधारण एका अक्षराचा फरक असतो. पुष्कळदा अशा फरकाने काही बिघडत नाही. ‘ह्या’ लिहिले काय आणि ‘या’ लिहिले काय, वाचणाऱ्याचे अडत नाही. पण ‘पाणी’च्या जागी ‘वाणी’ लिहिले गेले, की वाक्याचा अर्थच जातो.

असा अर्थ गेलेला पाठ १९९६ साली प्रथम सापडला. माल्टा बेटावरील एका खेड्यातील काही बालकांना क्षयजंतूच्या गोत्रातील, पण एरवी निरुपद्रवी असणाऱ्या जंतूंचा जीवघेणा संसर्ग झाला होता. लंडनच्या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा इंटरफेरॉन-गॅमा ग्रहण करणाऱ्या रेणूचे जनुकच बिघडलेले आढळले. आज्ञा सुटत होती. ती घेणारे दारात कोणी नव्हते. त्याच वर्षी पॅरिस येथील संशोधकांना ट्युनिशियातील एका अर्भकात त्याच जनुकातला दोष सापडला. ते मूल बी.सी.जी. लशीतील दुबळ्या जंतूंनीच दगावले होते. अशा बालकांच्या दोन्ही प्रती सदोष असतात. आईबापांजवळ एकेक चांगली प्रत असल्यामुळे ती धडधाकट राहतात. हा दोष अत्यंत विरळा आहे. त्याच्या भीतीने मुलांना बी.सी.जी. टोचून घेण्याचे टाळणे म्हणजे वाटेत साप असेल म्हणून घराबाहेरच न पडण्यासारखे होय.

ह्या शोधाचा रुग्णांना प्रत्यक्ष लाभही झाला. १९९८ साली इंटरल्यूकिन-१२ ची हाक ऐकणाऱ्या रेणूतील दोष उजेडात आला. अशा रुग्णाच्या शरीरात आज्ञा पुरेशी सुटत नाही, पण ती ग्रहण करणारे रेणू शाबूत असतात. तेव्हा जंतुनाशक औषधांच्या जोडीला इंटरफेरॉन-गॅमा बाहेरून टोचले, की त्याचा उपयोग होतो. माल्टातील बालकांसारख्या रुग्णांत मात्र त्याचा उपयोग होत नाही. दोष साखळीच्या कोणत्या कडीत आहे हे कळल्यावर औषध कोणाला द्यावे, तेही कळते.

वरील दोष लाखांत एखाद्याला असतात. त्यांहून सामान्य असे उदाहरण युरोपात सापडले. टी.वाय.के.-२ नावाचे एक प्रथिन पेशीच्या दारावर आलेला निरोप आत पोहोचविण्याचे काम करते. त्याच्या ११०४ व्या स्थानी प्रोलीनऐवजी अलानीन हा घटक आला, तर इंटरल्यूकिन-२३ चा निरोप अर्धवट पोहोचतो आणि इंटरफेरॉन-गॅमा कमी सुटते. एक प्रत अशी असली तर काही बिघडत नाही; दोन्ही तशा असल्या तर क्षयाचा धोका वाढतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या सुमारे ६०० माणसांमागे एकाजवळ अशा दोन्ही प्रती असतात. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१९ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे युरोपीय वंशाच्या लोकांतील शंभर क्षयरुग्णांपैकी सुमारे एकाच्या दुखण्यामागे हे कारण असावे. २०२१ साली युरोपातील हजाराहून अधिक प्राचीन सांगाड्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले गेले. हा बदल सुमारे ३०,००० वर्षे जुना आहे, आणि गेल्या दोन हजार वर्षांत त्याचे प्रमाण झपाट्याने घटले, असे त्यातून दिसले. क्षयाने त्याच्या धारकांना वेचून नेले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

एवढ्यावरून प्रतिकार जितका जोरकस तितका चांगला, असे कुणाला वाटेल. ते तसे नाही, हे दाखवून देणाऱ्या संशोधनाचा धागा बडोद्याशी जुळतो. बडोद्यात वाढलेल्या आणि तेथीलच वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या ललिता रामकृष्णन यांनी पुढे अमेरिकेत व केंब्रिज येथे क्षयाचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी निवडला बोटभरही लांब नसलेला, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्राफिश हा मासा. त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यामुळे भक्षकपेशी जंतूला गिळते कशी आणि पुढे काय घडते, हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच पाहता येते. माशांना क्षयासारखा रोग देणारा जंतूही क्षयजंतूचा जवळचा भाऊबंद आहे.

२०१० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जनुकाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीरात दाह किती उसळावा, हे काही अंशी ह्या जनुकावर अवलंबून असते. दाह अगदी कमी असला, तर भक्षकपेशी जंतूला आवर घालू शकत नाहीत. तो फार असला, तर भक्षकपेशी स्वतःच फुटून मरतात आणि मोकळे झालेले जंतू बाहेर फोफावतात. दोन्ही टोकांना हानी; हित मध्ये. व्हिएतनाममधील क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाच्या रुग्णांतही असेच आढळले. ज्यांच्याजवळ एक प्रत तीव्र दाहाची आणि एक सौम्य दाहाची होती, ते अधिक प्रमाणात वाचले. २०१२ साली पुढचे पाऊल पडले : दाह शमविणाऱ्या डेक्सामेथासोन ह्या औषधाचा लाभ मुख्यतः तीव्र दाहाच्या प्रकृतीच्या रुग्णांना झाला होता, असे जुन्या नोंदींवरून दिसले. मात्र इंडोनेशियातील रुग्णांच्या २०१७ सालच्या अभ्यासात ह्या जनुकाचा असा प्रभाव आढळला नाही. एका देशातले गणित दुसऱ्या देशात जसेच्या तसे सुटत नाही.

हा अनुभव एकट्या त्या जनुकाचा नाही. २०१५ साली रशियात आणि २०१६ साली आइसलँडमध्ये हजारो माणसांच्या आनुवंशिक ग्रंथांची छाननी झाली. प्रत्येक ठिकाणी क्षयाशी संबंध असलेली स्थाने सापडली. पण ती एकसारखी नव्हती, आणि एकेकाचा प्रभाव अल्पच होता. ह्याचा अर्थ सरळ आहे. विरळे दोष सोडले, तर क्षयाकडे असणारा कल एका जनुकाने ठरत नाही. अनेक जनुकांचे थोडेथोडे वजन मिळून तो ठरतो. शिवाय हे फरक प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात, प्रत्येक घरात विखुरलेले आहेत. एखाद्या जमातीवर ‘ही क्षयाचीच जात’ असा शिक्का मारण्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

आणि भूमी म्हणजे केवळ जनुके नव्हेत. ब्रिटनमध्ये क्षयाने होणारे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यापूर्वीच, म्हणजे १९४३ पूर्वीच, कित्येक दशके घटत चालले होते. दोन-तीन पिढ्यांत एखाद्या राष्ट्राची जनुके पालटत नाहीत. पालटले ते अन्न, घर आणि राहणी. भारतातील ताजा पुरावा झारखंडचा आहे. तेथे २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील १०,३४५ माणसांची पाहणी झाली. रुग्णांना सर्वत्र शिधा मिळत होता. काही भागांत घरातील इतरांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे देण्यात आली. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुके निवडणे कुणाच्या हाती नाही. ताटात डाळ वाढणे समाजाच्या हाती आहे.

‘घराण्यात क्षय’ ह्या शब्दांचा खरा अर्थ आता उलगडतो. एका घरातली माणसे रक्ताने बांधलेली असतात. पण ती एकाच खोलीत निजतात, एकच हवा घेतात आणि एकाच हंडीतले खातात, हेही तितकेच खरे. जुन्या वैद्यांना जे कुळाचे वाटले, त्यातले पुष्कळसे त्या खोलीचे आणि त्या हंडीचे होते. वारशाने येतो तो रोग नव्हे. जंतूला उत्तर देण्याची शरीराची रीत तेवढी वारशाने येते. ज्या आजीला चाळीस वर्षांपूर्वी क्षय झाला आणि औषधाने जी बरी झाली, तिच्या नातीच्या शरीरात त्या दुखण्याचा अंशही उतरत नाही. तेव्हा सोयरीक जुळविताना विचारायचेच असेल, तर ‘कुणाला झाला होता का?’ असे विचारू नये. ‘औषध पुरे केले ना?’ असे विचारावे.

कारण औषधापुढे बहुतेक सारे भेद गौण ठरतात. १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने दाखवून दिले, की घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका पोहोचत नाही. आज नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार आहे. सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात; रुग्णाच्या आहारासाठी दरमहा मिळणारे अनुदान नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहे. रुग्णाच्या घरातील मुलांना व मोठ्यांना रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषधही दिले जाते. घरात रुग्ण निघाला, तर ते स्वतःहून मागून घ्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटत जाणारे वजन, थुंकीत रक्त. यांपैकी काहीही दिसले तर थुंकी तपासून घ्यावी. कुणाच्या रक्तात कोणता गुण आहे, याची चौकशी त्या दिवशी करण्याचे कारण नाही. ते काम प्रयोगशाळेतील विद्वान करीत आहेत. घरच्यांनी करायचे काम सोपे आहे : खिडकी उघडी ठेवावी, पोटभर जेवू घालावे, सहा महिने एकही मात्रा चुकू देऊ नये, आणि दुखणे लपवू नये.